दोन सुलट, एक तळटीप

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आईच्या हातपिशवीत डिंकाचे लाडू असतात, मालिशचं तेल असतं आणि अर्धवट विणलेलं टोपडंही. यातलं सगळ्यात घातक काय? तेल! बाटली 100 मिलिलिटरच्या वर गेली की जप्त. 2006 पासून विमानतळांवर द्रवपदार्थांची दहशत आहे. टोकदार सुयांबाबत मात्र अमेरिकेचा नियम उदार. विणकामाच्या सुया खुशाल आत न्या, 4 इंचांहून लहान पात्याची कात्रीही न्या. तळटीप एवढीच, की शेवटचा शब्द तपासणीवरच्या अधिकाऱ्याचा. नियम सुलट, तळटीप उलट. शेवटी हेही विणकामच.

म्हणून जाणत्या बायका धातूच्या सुया घरी ठेवतात आणि बांबूच्या, मधे दोरी असलेल्या गोल सुया घेतात. शिवाय टाक्यांमधून एक जादा दोरा ओवून ठेवतात. सुई सरकारजमा झाली तरी टाका सुटता कामा नये! एवढी दूरदृष्टी नियम करणाऱ्यांकडे असती, तर तपासणीपलीकडच्या दुकानात काचेच्या बाटल्या विकायला दिसल्या नसत्या.

विमान उडतं. शेजारचा तरुण सुयांकडे डोळे लावून 15-16 तास टक्क जागा. उतरायच्या सुमारास आजीबाई शेवटचा टाका बंद करतात आणि त्याच्याकडे वळून म्हणतात, "बाळा, लोकर उरलीय. डोक्याचं माप देतोस?"