रेंट की लीज?

बंगळुरूत घर शोधणाऱ्या पुणेकराने आपलं इंग्रजी वेशीवरच ठेवावं. टू-लेटच्या पाटीवर ‘रेंट’ लिहिलं असेल तर दरमहा भाडं, वर अनामत. जुन्या रिवाजाने दहा महिन्यांची. केंद्राच्या 2021च्या आदर्श भाडेकरू कायद्यात मर्यादा दोनच महिन्यांची आहे, पण आदर्श हे नमस्कारापुरतेच असतात. ‘लीज’ लिहिलं असेल तर भाडं शून्य! फक्त काही लाख रुपये एकरकमी मालकाच्या हवाली करायचे. व्याज त्याचं, घर सोडताना मुद्दल तुमचं. म्हणजे भाडेकरूच सावकार, तोही बिनव्याजी. मालकाने तेच घर बँकेकडे गहाण ठेवलं असेल तर मात्र मुद्दलाचीही पंचाईत. तेव्हा पैसे मोजण्याआधी घराची ईसी, म्हणजे घरावर बोजा आहे का हे दाखवणारं एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट, काढा आणि करार नोंदवूनच घ्या.