क्लचनाना

शिरूर ते दौंड या पट्ट्यात दर चार-पाच गावांमागे एक तरी क्लचनाना सापडतो. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, बऱ्यापैकी ऊस, पोरगा रांजणगावच्या एमआयडीसीत आणि पडवीत ताडपत्रीखाली एक ऑफ-रोड गाडी. 2016 ची हिमालयन, नाहीतर 2019 नंतरची एक्सपल्स. पोराने हौसेने घेतली, लग्नानंतर त्याला कार लागली आणि गाडी नानांच्या पदरात पडली.

नानांच्या घरी गेलं की पाण्याच्या तांब्याआधी क्लच पुढे येतो. "दाबून बघा." सोयरीक घेऊन आलेले पाहुणे असोत, मीटरचं रीडिंग घेणारा असो की मतं मागायला आलेला उमेदवार, सगळ्यांनी तो दाबलेला आहे. "एक नंबर, नाना!" म्हणायचं आणि सुटायचं. "जरासा जड वाटतोय" म्हणालात, तर दुपारचं जेवण तिथेच.

तसं नानांचं म्हणणं खोटं नाही. घोडनदीच्या वाळूत, कालव्याच्या भरावावर, पावसाळ्यात काळ्या रानात गाडी घातली की सारखा अर्धा क्लच लागतो. दोन बोटं मुठीवर घट्ट हवीत, म्हणून क्लच उरलेल्या दोन बोटांत दबला पाहिजे. गळीत हंगामात न्हावऱ्याहून चौफुल्याकडे निघावं आणि पुढे उसाच्या ट्रॉल्या डुलत असाव्यात, म्हणजे डांबरी रस्त्यावरही तीच गत. डावा हात पार भरून येतो. इथवर नाना शहाणे.

गॅरेजवाल्याने पहिल्याच दिवशी इलाज सांगितला होता. "नाना, हँडलवर लिव्हर जरा आत सरकवा. बोटं टोकावर पडली की आपोआप हलकं लागतं. लिव्हरचा बोल्ट काढून पुसा, ग्रीसचं बोट लावा." पाच मिनिटांचं काम, खर्च काही नाही. नानांना तिथेच संशय आला. फुकटात बरा होतो तो आजार कसला?

मग क्लच वायर निघाली. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून नानांनी ती वायरच्या वरच्या टोकाला रबराने आवळली, पिशवीत तेल ओतलं आणि सगळा सरंजाम दाराच्या चौकटीला टांगला. आतली तार तासभर वरखाली केली. खालून पहिला थेंब आला तो काळा, मागचे तांबूस, आणि दिवस उगवता उगवता एकदम स्वच्छ. तो नानांनी बोटावर घेऊन उजेडात धरला, घरातल्या सगळ्यांना दाखवला. आधीचे सगळे थेंब उंबऱ्यापुढच्या रांगोळीत गेले होते. वायरच्या आत नायलॉनची नळी असेल तर जाड ग्रीस भरू नये, तार उलट अडकते, हेही नाना आता ठासून सांगतात. या ज्ञानाची फी एक नवी वायर.

वायर सरकू लागली, तर नानांची नजर इंजिनावरच्या आर्मवर गेली. वायर ओढते ती हा आर्म, आणि आर्म प्लेटा सोडवतो. 30 मिलिमीटरचा आर्म 40 चा केला की बोटांना तीन-चतुर्थांशच जोर लागतो. वेल्डिंगवाल्याने तसा करून दिला. क्लच खरंच हलका झाला. पण आर्म लांबला तेवढं त्याचं फिरणं कमी झालं, आणि प्लेटाही तीन-चतुर्थांशच सुटू लागल्या. पूर्ण क्लच दाबूनही गाडी पुढे रेटायची, न्यूट्रल सापडायचा नाही. चौफुल्यावर नाना दोन्ही पाय टेकून गाडी मागे ओढत उभे. मग जुना आर्म परत लावून त्यांनी आतल्या स्प्रिंगा नरम टाकल्या. आता बोटांना काही लागेना, पण प्लेटांची पकडही गेली. चढाला इंजिन बोंबलायचं, जळका वास सुटायचा आणि गाडी जिथल्या तिथे.

पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या रेल्वेगाडीचं इंजिन दौंडला एका टोकाचं सोडून दुसऱ्या टोकाला जोडावं लागायचं. नाना क्लचमधला जोर तसाच सोडतात आणि दुसरीकडे नेऊन जोडतात. बोटांचा निघाला तो पायात गेला, पायातला निघाला तो प्लेटांवर, आणि राहिलेला घरच्यांच्या अंगावर. रात्री अकराला बॅटरी धरणार नानी. तेलाचे हात लागलेले टॉवेल धुणार नानी. दौंडच्या दुकानातून प्लेटांचा सेट आणायला धाकट्या भावाची अर्धी रजा. एकदा नानी म्हणाल्याच, "आवो, तुमच्या दोन बोटांच्या सुखासाठी आमचे किती हात लावताय?" नाना म्हणाले, "बॅटरी जरा खाली धर."

2023 च्या शेवटी नवी हिमालयन 450 आली आणि पुढे पुतण्याने ती घेतली. तिला स्लिप-असिस्ट क्लच. म्हणजे इंजिन ओढायला लागलं की आतल्या तिरप्या खाचा स्वतःच प्लेटा आवळतात, म्हणून स्प्रिंगा मुळात नरम ठेवता येतात आणि बोटांना त्रास नाही. नाना इतकी वर्षं जे शोधत होते ते कारखान्यातूनच तयार होऊन दारात उभं राहिलं. सगळ्यांना वाटलं, सुटलो.

नानांनी एका बोटाने क्लच दाबला. सोडला. पुन्हा दाबला. चेहरा उतरला. वायर ठीक, बोल्ट ठीक, कुठे हात घालायला जागा नाही. बराच वेळ गाडीभोवती फिरून शेवटी म्हणाले, "लईच हलका हाय रे. कुठं पकडतो त्येच कळंना. उद्या सकाळी कव्हर खोलू, जरा कडक स्प्रिंगा टाकून बघू."

तेव्हापासून पुतण्या गाडीची चावी कंबरेला लावूनच झोपतो.