लेझीम वजा, शेण जमा

ऐतिहासिक चित्रपट काढायचा असेल तर हल्ली तलवारबाजीचा मास्तर सावकाश शोधावा, भावनांचा हिशेबनीस आधी नेमावा. तलवार लागली तर टाके घालता येतात. भावना दुखावली तर संध्याकाळच्या बातम्यांत मंत्र्यांची बाईट येते आणि टाके निर्मात्याच्या खिशाला पडतात.

२०२५च्या जानेवारीत ‘छावा’ची झलक आली. तीत छत्रपती संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले आणि महाराष्ट्र खडबडून जागा झाला. महाराज नाचले! दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर राज ठाकरे यांना भेटून आले आणि ते दृश्य काढून टाकतो म्हणाले. १४ फेब्रुवारीला चित्रपट लागला तो लेझमीविना. लोक रडले, घोषणा झाल्या, सगळं यथासांग पार पडलं. लेझमीवाचून कोणाचं काही अडलं नाही, हे खरंच.

पण त्या बिचाऱ्या लेझमीची कुंडली एकदा बघा. मुळात ती तालमीतली वस्तू. धनुष्यासारखा दांडा, दोरीच्या जागी लोखंडी साखळी. पैलवान ती हलवायचा ती खांदे भरावेत म्हणून. पुढे ती शाळेत शिरली, अंगानं हलकी झाली, दांड्याला चकत्या आल्या आणि पीटीच्या सरांच्या शिट्टीवर ‘एक, दोन, तीन, बस’ करू लागली. तिथून गणपतीच्या मिरवणुकीत गेली. आणि मिरवणुकीतून पाहुण्यांच्या स्वागताला. साहेब अकराला येणार म्हणून शाळेच्या मुली नऊपासून उन्हात लेझीम घेऊन उभ्या, साहेब एक वाजता गाडीची काच अर्धी खाली करून हात हलवून पुढे. एवढी वाट चालल्यावर व्यायामाची लेझीम कोणाला आठवणार? आता लेझीम म्हणजे नाच. सबब शिवजयंतीला राजांच्या पुतळ्यापुढे ती चालते, किंबहुना तिच्याशिवाय मिरवणूक हलत नाही. पण राजांच्या हातात दिसली की अवमान. भक्तानं नाचावं, आराध्यानं नाचू नये, असा हा शास्त्रार्थ आहे. (शंकर नाचतो, गणपती नाचतो, कृष्णाचं तर विचारूच नका. पण त्या तिघांच्या वेळी सेन्सॉर बोर्ड नव्हतं.)

मी उतेकरांचं वकीलपत्र घेतलेलं नाही. झलकेत जेवढं दिसलं, तेवढ्यात तालीम कमी आणि लग्नातला संगीत समारंभ जास्त होता. पण त्याबद्दल कोणी बोललं नाही. आक्षेप ‘वाईट नाचवलं’ असा नव्हता, ‘नाचवलं’ असा होता.

याआधीचा दाखला पिंग्याचा. २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’त काशीबाई आणि मस्तानी मिळून पिंगा खेळल्या. पेशव्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला, पुण्यात काही ठिकाणी खेळ बंद पाडले गेले. काशीबाईंना पायाचं दुखणं होतं, त्या गिरक्या कशा घेतील, हा प्रश्न रास्तच होता. पेशव्यांच्या घरची सून नाचत नसते, हा दुसरा मुद्दा मात्र मजेशीर. श्रावणातल्या मंगळवारी, लग्नानंतरची पाच वर्षं, मंगळागौर जागवायची ती कशासाठी? दहा-बारा वर्षांची पोर सासरी आलेली, दिवसभर पाणी, दळण, सोवळं. तिला वर्षातून एक रात्र मिळायची. पदर खोचून फुगड्या घाल, झिम्मा खेळ, कमरेत वाकून पिंगा घाल, गाण्यातून सासूला चार शब्द सुनाव. सासू ते ऐकून घ्यायची, कारण त्या रात्रीचा करारच तसा. आणि अट एकच, की पुरुषानं तिथे फिरकायचं नाही.

आता मंगळागौर पॅकेजमध्ये मिळते. खेळ करणाऱ्या बायकांचा ग्रुप, एकरंगी शिवलेल्या नऊवाऱ्या, कॉलर माइक, दोन तासांचे एवढे, फुगडीसाठी नवरीला उठवलं तर वेगळे. समोर खुर्च्यांवर सासरे, दीर, मेहुणे मोबाइल उंच धरून बसलेले. ‘बाजीराव मस्तानी’च्या दिग्दर्शक भन्साळींनी याच मंगळागौरीला झुंबरं लावली आणि पेशवाईत नेऊन ठेवली. आपण काशीबाईंच्या पदराची उंची मोजत बसलो. त्या रात्री तिथे दिवेवाले, क्रेनवाले, कॅमेरेवाले मिळून शंभरेक बाप्ये कसे काय शिरले, हे एकाही आंदोलकानं विचारलं नाही.

माझ्या ओळखीचे एक निर्माते आहेत. त्यांना सगळे शेठ म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्यांना पेशवाईवर पिक्चर काढायचा आहे आणि त्यासाठी माझा सल्ला हवा होता. शेठ माणूस सरळ. इतिहासाची त्यांना खरोखर आस्था आहे, फक्त तो आजच्या माणसाला ‘कनेक्ट’ झाला पाहिजे.

“सर, भिकबाळी मस्ट आहे. शेंडी नको.”

“शेठ, भिकबाळी होती तशी शेंडीही होती. डोकं तासलेलं असायचं.”

“मग हिरो सत्यनारायण सांगायला आल्यासारखा दिसतो हो.”

“रणवीर सिंगनं ठेवली होती की.”

“त्याला बॉडी होती.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. भिकबाळीचा नमुना शेठनी टेबलावर ठेवला. कान न टोचता लावायची, दाबाची, दोन खोटे मोती आणि मधे लाल खडा. लग्नाच्या हंगामात असल्या भिकबाळ्या डझनावारी खपतात, मुंजीत मुंजाचा मामासुद्धा लावतो. कान टोचायला लागला असता तर इतिहासाची आवड एवढी पसरली नसती.

मग विधवेचा प्रश्न आला. कथेत नायकाची आत्या आहे, बालविधवा. शेठ म्हणाले, पांढरी साडी काढून ठेवली आहे. मी सांगितलं, आपल्याकडे ब्राह्मणाघरची विधवा लाल आलवणात असायची, केशवपन झालेली, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला.

“लाल?” शेठ दचकले. “लाल म्हणजे नवरी वाटेल ना, सर! विधवा म्हणजे पांढरी. पब्लिकला चटकन कळलं पाहिजे.”

पब्लिकला चटकन कळतं ते हिंदी सिनेमानं शिकवलेलं. ज्या रंगानं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वाड्यात लहान मुलं गप्प होत, त्या रंगात आज नवरी बोहल्यावर चढते. हा बदल पडद्यावर दाखवण्यासारखा आहे. नुसत्या एका लाल लुगड्यानं प्रेक्षक खुर्चीत अस्वस्थ झाला असता. पण अस्वस्थ प्रेक्षक मध्यंतराला पॉपकॉर्न घेत नाही. केसांचं म्हणाल तर अभिनेत्रीचा शाम्पूच्या कंपनीशी करार असल्यानं आत्याबाईंची बट पांढऱ्या पदराखालून दोनदा वाऱ्यावर उडणार आहे.

नायिकेच्या वयाचा विषय शेठनी स्वतःच मिटवला होता. आनंदीबाई जोशींचं लग्न नवव्या वर्षी झालं, नवरा वीसेक वर्षांनी मोठा, विधुर. आमच्या पिक्चरची नायिका पंचविशीची आहे आणि नायक तिला तुळशीपाशी गाठून, तुमची संमती आहे ना, असं विचारतो. संमती! तिच्या बापाला विचारलं असतं तरी तो म्हणाला असता, याद्यांचं बोला.

“सती मात्र ठेवायची, सर,” शेठ म्हणाले. “क्लायमॅक्स आहे. खाली पट्टी टाकू.”

पट्टी हा आपल्या चित्रसंस्कृतीचा मोठाच शोध. पडद्यावर कोणी धूर सोडला की खाली इशारा देण्याचा नियम हुक्क्यालाही लागू होतो, मग तो बादशहाचा का असेना. (त्यात औचित्य आहे म्हणा. तंबाखू विजापुराहून अकबराच्या दरबारात पोचली, तेव्हा दरबारी हकिमानं लगेच नापसंती दर्शवली होती. वैधानिक इशाऱ्याचा आद्य कर्ता तोच.) हुक्क्याला पट्टी, सतीलाही पट्टी. राजस्थानात देवराळ्याला १९८७ साली अठरा वर्षांची मुलगी चितेवर गेली, त्याच वर्षी सतीचं उदात्तीकरण हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला. तेव्हापासून उदात्तीकरण पट्टीच्या वर होतं आणि निषेध पट्टीत.

‘पद्मावत’नं याचा धडाच घालून दिला. २०१८च्या जानेवारीत तो लागण्याआधी नावातली एक वेलांटी गेली, सुरुवातीला खुलासे आले, आणि घूमरच्या गाण्यात राणीचं उघडं पोट संगणकावर कापड चढवून झाकलं गेलं. शेवटी शेकडो स्त्रिया लाल वस्त्रांत, मंद गतीनं, भव्य संगीताच्या साथीनं ज्वाळांकडे निघतात, ते सगळं जसंच्या तसं राहिलं. पोट झाकलं, आग उघडी ठेवली. कोणाला काय दिसलं की लाज वाटते, याची इतकी अचूक मोजणी दुसऱ्या कुठल्या खात्यानं केली असेल असं वाटत नाही.

आपल्याकडेही थेऊर आहेच. १७७२च्या नोव्हेंबरात माधवराव पेशवे गेले आणि रमाबाई सती गेल्या. कादंबरीत, मालिकेत, सिनेमात आपण त्या प्रसंगाला पिढ्यान्‌पिढ्या हुंदके देत आलो. त्या हुंदक्यांत प्रेम किती आणि प्रथा किती, हे वेगळं काढून दाखवणारा सिनेमा शेठ काढणार नाहीत. त्यांनी व्हायोलिनवाले आधीच सांगून ठेवलेत.

एवढ्यावर मी त्यांची फाइल परत केली असती, पण मधे ‘फुले’ आला. महात्मा फुल्यांच्या जयंतीला, ११ एप्रिल २०२५ला, लागायचा तो दोन आठवडे पुढे गेला. काही ब्राह्मण संघटनांचे आक्षेप होते आणि सेन्सॉर बोर्डानं दुरुस्त्या सुचवल्या होत्या. छापून आलेली यादी वाचण्यासारखी होती. ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द काढा. तीन हजार वर्षांची गुलामी म्हणू नका, कित्येक वर्षांची म्हणा. आणि कमरेला झाडू बांधलेल्या माणसाचं दृश्य काढून त्या जागी मुलं सावित्रीबाईंवर शेणाचे गोळे फेकताना दाखवा.

हे मी पुन्हा वाचलं. मग चहा ठेवला आणि आणखी एकदा वाचलं.

पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्य माणसानं कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं बांधून चालायचं, हे बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६च्या ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात नोंदवून ठेवलं आहे. पावलांचे ठसे मागच्या मागे पुसले जावेत म्हणून झाडू, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून मडकं. तेव्हा पाहणाऱ्याला त्यात वावगं वाटत नसे. ती शिस्त होती, रहदारीचा नियम होता. आज बघवत नाही. म्हणजे अर्थ बदलला आणि चांगल्या दिशेनं बदलला, मग तोच बदल पडद्यावर मोजून घ्यायला हरकत कसली? हरकत झाडूला नाही. झाडू आपल्याला अतिशय प्रिय आहे. लक्ष्मीपूजनाला त्याला हळदकुंकू वाहतो, एका पक्षाची ती निशाणी आहे, आणि २०१४पासून तर दोन ऑक्टोबरला आधी पानं पसरून ठेवलेल्या रस्त्यावर मंत्री नवाकोरा झाडू घेऊन फोटोला उभे राहतात. हातातला झाडू चालतो. कमरेचा चालत नाही, कारण तो बांधायला लावणारा कोण, हा पुढचा प्रश्न येतो.

आणि शेण कसं चाललं? शेण फेकणारी ‘मुलं’ आहेत. मुलं काय, कोणाचीही असतात. सावित्रीबाईंच्या अंगावरचं शेण आता पाठ्यपुस्तकातलं झालंय. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाचवीतली सावित्री आणि मागे तपकिरी कागदाचे बोळे फेकणारी चार पोरं, पालक कौतुकानं शूटिंग करतायत. ज्या शेणाचा वास येईनासा झाला, ते शेण चालतं.

असा बदल पडद्यावर कसा दाखवता येतो, याचं शेठना मी एका पिक्चरचं उदाहरण दिलं. परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, २००९चा. फाळके १९१२-१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढायला निघाले तेव्हा नट मिशा भादरायला तयार होईनात. बाप जिवंत असताना मिशी काढायची म्हणजे काय! मिशी उतरायची ती घरातलं वडील माणूस गेल्यावर. आणि बायकांचं म्हणाल तर वेश्यावस्तीतून शोधूनही कोणी कॅमेऱ्यापुढे यायला तयार नाही. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात अण्णा साळुंके हा नाजूक बोटांचा आचारी सापडला. तिथे दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा दिले, आणि साळुंके तारामती झाले. १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये तर तेच राम आणि तेच सीता. त्या काळी कुलीन बाईनं काम केलं असतं तर बोभाटा झाला असता. आज सीतेचं काम आचाऱ्याला देऊन बघा. मोकाशींच्या चित्रपटात त्या मिशांची सगळी अडचण पात्रंच आपापसांत बोलून टाकतात. आपण हसतो आणि हसता हसता तो काळ कळतो. खाली पट्टी लागत नाही.

शेठनी लक्ष देऊन ऐकलं.

“सर, पण ती कॉमेडी होती ना?”

मुहूर्ताला मला बोलावलं होतं. स्टेजवर सल्लागारांचा सत्कार झाला. भौगोलिक मानांकन मिळालेली पुणेरी पगडी माझ्या डोक्यावर ठेवली, फोटो निघाला, आणि टाळ्या संपायच्या आत मागच्या पोरानं ती हळूच काढून घेतली. एकच आणली होती, पुढे अजून तिघांचे सत्कार बाकी होते.