मीटर पुढे करून द्या!

गाडीच्या तबकडीत दोन भाऊ राहतात. थोरला काटा, हा बढाईखोर. धाकटा ओडोमीटर खाली आकड्यांच्या चौकटीत बसलेला, हा हिशोबी. गाडी 95 ने धावत असली की थोरला बिनदिक्कत 100 सांगतो. त्याला तसं बोलायची मुभाच आहे. संयुक्त राष्ट्रांचा 39 क्रमांकाचा नियम म्हणतो, की स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये. जास्त मात्र खुशाल दाखवावा, खऱ्या वेगाच्या 10 टक्के आणि वर आणखी 4 किलोमीटर. म्हणजे गाडी 80 ने जात असताना काटा 92 म्हणाला तरी तो नियमात बसतो. चूक झालीच तर ती सावधपणाच्या बाजूने व्हावी म्हणून ही सोय. धाकटा बिचारा चाकाच्या फेऱ्या मोजतो आणि निमूटपणे किलोमीटर लिहून ठेवतो.

आमच्या गाडीत हे दोघे बरीच वर्षं गुण्यागोविंदाने नांदत होते. मग चिरंजिवांनी तिला अलॉय व्हील्स बसवून आणली.

"बाबा, लूक बघा!"

बघितला. गाडी टाचा उंच करून उभी असल्यासारखी दिसत होती. मूळ टायर 145/80 आर 12 होते, आता 155/80 आर 13 आले होते. टायरवरच्या आकड्यांची भानगड अशी, की पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या भिंतीच्या उंचीचा, रुंदीच्या टक्क्यांत. तिसरा रिमचा, चक्क इंचांत. एकमेकांशी बोलणं टाकलेल्या तीन सभासदांच्या समितीनेच ही पद्धत ठरवली असावी. "एका इंचाचा तर प्रश्न आहे," असं दुकानदाराने चिरंजिवांना समजावलं होतं. पण रिम एका इंचाने वाढलीच, शिवाय टायरची भिंतही 116 मिलिमीटरवरून 124 वर गेली, आणि चाकाचा बाहेरचा व्यास 537 मिलिमीटरचा 578 झाला. घाटात चढण लागली की गाडी धापा टाकायला लागली आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतून घासायला लागला. "सवय होईल," चिरंजीव म्हणाले. कोणाला, ते सांगितलं नाही.

पहिली शंका आली अण्णांना. माझे वडील लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. गाडीत पडलेला पेट्रोलचा प्रत्येक थेंब त्यांच्या वहीत असतो. लिटरला 20 चं ॲव्हरेज एकाएकी साडेअठरावर आलेलं पाहून त्यांनी चष्मा पुसला.

"पेट्रोल चोरीला जातंय."

आधी पंपावर संशय गेला, म्हणून पंप बदलला. मग वॉचमनवर गेला. मग माझ्याकडे बघण्याची त्यांची नजर बदलली. घरात सर्वांत खूश होती ती बायको. तिचं माहेर साताऱ्याचं. पुण्यातल्या आमच्या घरापासून 110 किलोमीटर. नव्या चाकांवर गेलो तर मीटरने 102 च दाखवले.

"बघा, उगाच लांब लांब म्हणून टाळता. आता आठ किलोमीटर जवळ आलंय. महिन्यातून एकदा तरी जायला काय हरकत आहे?"

सासरवाडी जवळ सरकायला लागली, तेव्हा मात्र मला मुळाशी जाणं भाग पडलं. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडू आणि टेप घेऊन उतरलो. टायरला खडूने खूण केली, तिच्याखाली फरशीवर दुसरी केली, आणि गाडी ढकलून चाकाची एक अख्खी फेरी मोजली. सोसायटीतली बिनकामाची मंडळी जमली. एकाने कोणतं वास्तूचं काम चाललंय असं विचारलं. हिशोब साधा निघाला. जुन्या चाकाची एक फेरी म्हणजे सुमारे 1.69 मीटर, नव्याची 1.82. गाडीला लहानपणापासून शिकवलेलं, की 593 फेऱ्या झाल्या की एक किलोमीटर झाला म्हणायचं. ती बिचारी अजूनही 593 च मोजत होती, पण तेवढ्यात आता 1,077 मीटर कापत होती. दर किलोमीटरला 77 मीटर बिनहिशोबी! पेट्रोल कोणी चोरत नव्हतं. किलोमीटर चोरीला जात होते.

गंमत पुढेच आहे. हायवेला फोनवर जीपीएस लावून पाहिलं. मीटर 100 म्हणत होतं तेव्हा पूर्वी फोन 95 म्हणायचा, आता तो 102 म्हणाला. म्हणजे जन्मभर थापा मारलेला थोरला खऱ्याच्या जवळपास येऊन पोचला आणि जन्मभर सचोटीने वागलेला धाकटा साडेसात टक्क्यांनी खोटा ठरला. थोरल्याचं हे खरं बोलणंही धोक्याचंच. पूर्वी चूक आपल्या बाजूने होती, आता चलनाच्या बाजूने आहे. चलन पाठवणारा कॅमेरा तुमच्या काट्याला काही विचारत नाही.

अण्णांना सगळं समजावलं. त्यांनी उपाय सुचवला, "टायर झिजेपर्यंत थांबू. आपोआप मूळ मापाला येईल." कल्पना शास्त्रशुद्ध होती. टायर झिजतो तसा व्यास खरोखर कमी होतो आणि गाडी अंतर जास्त मोजायला लागते. पण नव्या टायरवर नक्षी असते जेमतेम आठ मिलिमीटरची. पार गुळगुळीत केला तरी व्यास 16 मिलिमीटरने उतरणार. आम्हाला उतरवायचे होते 41. उरलेल्या मिलिमीटरांसाठी टायरच्या आतली हवा तेवढी घासायची राहिली असती.

शेवटी नाना पेठेत मीटर दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता काढला. काउंटरवरच्या पोराने मान वर न करता विचारलं, "किती मागे न्यायचं?"

"मागे नाही. पुढे करून हवंय."

दुकानात शांतता पसरली. आतून एक वयस्क काका बाहेर आले आणि त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. त्यांच्या हयातीत लोक 90 हजारांचे 40 हजार करून मागायला आले होते; आपल्या गाडीचे किलोमीटर वाढवून मागणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं.

"गाडी विकायची नाही का?" त्यांनी हळूच विचारलं. माझी प्रकृती विचारावी तसं.

खुलासा झाल्यावर त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. जुन्या केबलच्या मीटरवर बोलताना ते खुलले. गिअरबॉक्समधून केबल यायची, तिच्या टोकाला लोहचुंबक गरगर फिरायचं, भोवती ॲल्युमिनियमची वाटी. चुंबक वाटीला आपल्याबरोबर ओढू बघायचं, केसाएवढी स्प्रिंग तिला मागे खेचायची, आणि या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. ओटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसाने 1902 साली या युक्तीचं पेटंट घेतलं आणि पुढे जवळजवळ शतकभर जग तिच्यावर चाललं.

"तेव्हा टायर बदलला तर इलाज होता," काका म्हणाले. "केबलच्या मुळाशी प्लास्टिकचं दातेरी चाक असतं. टायर मोठा, तर दात कमी. 14 दातांचं काढायचं, 13 चं घालायचं."

मी तिथल्या तिथे भागाकार केला. 14 भागिले 13, म्हणजे 1.077. आमचीच चूक, तंतोतंत! एका दाताचं काम होतं.

"पण तुमच्या गाडीला केबलच नाही. गिअरबॉक्सवर सेन्सर आहे. तो ठोके पाठवतो, मीटरमधली चिप मोजते. मोठ्या गाड्यांना ठोके कमी-जास्त करणारी डबी मिळते, काहींना स्कॅनरवर टायरचं माप बदलता येतं. तुमच्या गाडीसाठी माझ्याकडे काही नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "मागे मात्र कितीही नेऊन देतो."

चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. जाता जाता फुकटचा सल्लाही दिला: "अलॉय राहू द्या. त्याच्यावर 155/65 आर 13 घाला."

घरी येऊन आकडेमोड केली. व्यास 532 मिलिमीटर. रिम वाढली तेवढी भिंत खाली आली आणि फरक उरला एका टक्क्याचा, तोही उलट्या बाजूचा. त्याच आठवड्यात टायर बदलले. काटा पुन्हा बढाया मारू लागला, ओडोमीटर सुतासारखा सरळ झाला, टायर घासायचा थांबला. अण्णांच्या वहीत ॲव्हरेज पूर्वीपेक्षा एका टक्क्याने चढलं. हा त्यांना आपल्या देखरेखीचा परिणाम वाटतो. सातारा 111 किलोमीटरवर गेला. त्याबद्दल बायको माझ्याशीच बोलते, मीटरशी नाही.

तेव्हा अलॉय जरूर लावा, मुलांची हौस मोडू नका. फक्त रिम वाढवली तर टायरची भिंत उतरवा आणि बाहेरचा व्यास मूळ मापाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवा. त्याला लागतात दोन-तीन गुणाकार आणि एक बेरीज. दुकानदार हा हिशोब करणार नाही, आपणच करायचा. मीटर दुरुस्त करण्यापेक्षा तो फार स्वस्त पडतो.