आठ भावांचा वाडा

आमच्या ताडकळसकडं वाड्याचं वय सनावळीवरून नाही, मधल्या भिंतींवरून कळतं. बाप गेला की पहिली भिंत येते, ती बरोबर अंगणाच्या मधून. मग विहीर सामाईक, देवघर थोरल्याकडं आणि माळवदाचं पन्हाळ कुणाच्या हद्दीत पाणी सोडतं, यावर दोन पिढ्या कोर्टात खेटे घालतात.

म्हणून मुंबईत भायखळ्याला ससूनांचा ‘सान्सुसी’ बंगला बघताना नजर आपसूक भिंत शोधू लागली. डेव्हिड ससून हे बगदादचे ज्यू व्यापारी. तिथल्या सुभेदाराच्या जाचाला कंटाळून बुशहरमार्गे १८३२च्या सुमारास मुंबईला आले. कापसावर नि अफूवर गडगंज झाले. १८५३ साली ब्रिटिश प्रजाजन झाले. सही मात्र हिब्रूत केली. पोशाखही बगदादचाच ठेवला. मुलगे आठ.

आठ म्हटल्यावर सोबतच्या मामांनी लगेच हिशेब मांडला, “म्हंजी कमीत कमी सात भिंती!”

पण भिंत एकही नाही. भाऊबंदकी नव्हती असं मात्र नव्हे. १८६४ साली डेव्हिडशेठ पुण्यात वारले, थोरला अब्दुल्ला गादीवर बसला आणि तीन वर्षांत पाठच्या एलियसनं आपली वेगळी पेढी थाटली. भिंत पडली ती चोपड्यांत. पुढं अब्दुल्लाचा सर आल्बर्ट झाला, लंडनला गेला. आणखी भाऊही तिकडंच रमले. वाटणी मागायला बंगल्यात कुणी उरलंच नाही.

आज तिथं डॉ. होरमसजी मसिनांनी १९०२ साली काढलेलं रुग्णालय आहे. आतला लाकडी जिना खालपासून वरपर्यंत न्याहाळत मामा म्हणाले, “आपल्याकडं असता तर मधोमध पत्रा ठोकला असता.”

आता आमच्याकडचेही भाऊ पुण्याला पांगलेत. तरी वाडे ढासळतातच, कारण पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकायला कुणी थांबत नाही. वारसांनी निघून जाणं पुरत नाही. रोज सकाळी झाडू मारणारं कुणीतरी मागं लागतं, मग ते रक्ताचं नसलं तरी चालतं.

परतीच्या देवगिरी एक्सप्रेसमध्ये हे मामांना सांगितलं. त्यांना पटलंही. मनमाड गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “आपल्या वाड्यात दवाखाना काढला, तर भाडं कुणाच्या वाटणीला?”