पऱ्हाटी, ६३३.५१

तुम्हाला म्हणून सांगतो, एक्सेलमध्ये मला रंग भरता येतात. एवढंच येतं. पण एका उन्हाळी परीक्षेला मी बैठक व्यवस्थेचा तक्ता गुलाबी, पोपटी आणि आकाशी रंगांत काढला, तो स्टाफरूमच्या दारावर लागला, आणि तेव्हापासून मराठीचा हा मास्तर कॉम्प्युटरचा जाणकार समजला जाऊ लागला. पुढे नॅकच्या मूल्यांकनाच्या धास्तीने कॉलेजचं ग्रंथालय ऑनलाइन करायचं ठरलं, ग्रंथपाल निवृत्त होऊन त्यांची जागा रिकामी पडलेली, आणि ‘हे काम कोण बघणार’ म्हणत प्राचार्यांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पहिल्या बैठकीला मी तयारी करून गेलो. अमरावती विद्यापीठाखालच्या आमच्यासारख्या कॉलेजांसाठी ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर म्हणून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं ‘सोल’ आहे, सरकारी एनआयसीचं ‘ई-ग्रंथालय’ आहे आणि ‘कोहा’ही आहे; हे कोहा न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या ग्रंथालयांसाठी बनलं, जानेवारी २००० पासून वापरात आहे आणि कोणालाही फुकट घेता येतं, असं सगळं मी सविस्तर सांगितलं. त्यातला ‘फुकट’ हा शब्द इतिवृत्तात गेला आणि चहा आला.

मग मी नियोजनाचाही रंगीत तक्ता काढला. दाखल नोंदवह्या बघून यादी टाइप करण्यासाठी मे महिना धरला, कारण मेमध्ये विद्यार्थी मोकळे असतात. मेमध्ये यवतमाळही असतं, हे धरायचं राहिलं. कूलर होता, त्यात पाणी घालणारा माणूस लग्नाला गेला होता. विद्यार्थीही लग्नांना गेले होते, प्राध्यापक पेपर तपासायला गेले होते, आणि ग्रंथालयात मी आणि आमचे परिचर काका असे दोघंच उरलो. काका नोंदवहीतून वाचायचे, मी टाइप करायचो. सौ. रोज डबा देताना विचारायची, ‘‘झालं का हो?’’ मी म्हणायचो, ‘‘गुलाबी रंगापर्यंत आलोय.’’

टायपिंग मी कृतिदेव फॉन्टमध्ये केलं, कारण बोटांना तेच वळण. आता कृतिदेवमध्ये ‘काम’ हवं असेल तर डी, के आणि ई ही तीन इंग्रजी बटणं दाबायची. कागदावर मराठी दिसतं, पण पोटात डी-के-ईच राहतं. नव्या प्रणालीला युनिकोड लागतो. मी उत्साहाने फाइल चढवली आणि पडद्यावर आमच्या ग्रंथालयाचा सगळा मराठी विभाग एका रात्रीत गोऱ्या साहेबाचा झाला.

एका विद्यार्थ्याने मोबाइलवरच कसलासा कन्व्हर्टर शोधून ते सरळ करून दिलं. मग आला आयएसबीएन. हा पुस्तकाचा तेरा आकडी क्रमांक, बहुधा ९७८ने सुरू होणारा. एक्सेलला एवढा लांब आकडा बघवत नाही, ते आखडून त्याचं काहीतरी ‘ई+१२’ करून टाकतं, आणि फाइल त्याच रूपात सीएसव्ही म्हणून जपून ठेवली की मागचे आकडे कायमचे गेले. मी फार जपून ठेवली. त्यातून चढवताना ‘सारखा क्रमांक आला तर नवीन पुस्तक नको, त्याचीच प्रत धर’ या ओळीपुढे खूणही मीच केलेली. सकाळी बघतो तर नवी सगळी पुस्तकं मिळून आमच्याकडे एकच पुस्तक शिल्लक: बी.कॉम.चं एक गाइड. प्रती मात्र भरपूर.

नावांचं तर विचारूच नका. लोकनायक अणे, बापूजी अणे आणि माधव श्रीहरी अणे असे तीन लेखक मी वेगवेगळे उभे केले आणि जिल्ह्यातल्या वणीने एवढे अणे दिले म्हणून मनातून सुखावलो. काका शांतपणे म्हणाले, ‘‘सर, हे तिघं एकच व्हय. टिळकांवर संस्कृतात महाकाव्य लिवलं, त्यायले अकादमी भेटली ना, ते.’’ पुरस्कार १९७३चा, अणे वारल्यानंतरचा. मी एम.ए. मराठी आहे.

राहता राहिले वर्गांक, म्हणजे पुस्तक कोणत्या विषयात मोडतं ते सांगणारे आकडे. निम्म्या पुस्तकांचे रकाने रिकामे होते, आणि एकेक पुस्तक उघडून बघायला माझ्या तक्त्यात रंगच उरला नव्हता. म्हणून मी फिल्टर लावला. नावात ‘झाड’ असेल तर वनस्पतिशास्त्र, ‘शाळा’ असेल तर शिक्षण, ‘नांगर’ असेल तर शेती. झपाझप रकाने भरले. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ वनस्पतिशास्त्रात गेली, मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ शालेय व्यवस्थापनात, आणि आनंद यादवांची ‘नांगरणी’ अवजारांत. ही तिन्ही मी वर्गात शिकवलेली आहेत, रडवेला होऊन.

उद्घाटनाला पाहुण्यांना पडद्यासमोर बसवलं. प्राचार्य कौतुकाने म्हणाले, ‘‘आमच्या सरांचाच कवितासंग्रह शोधा ना!’’ माझ्या एकुलत्या एक संग्रहाचं नाव ‘पऱ्हाटी’. पाहुण्यांनी टाइप केलं. उत्तर तत्काळ आलं: ६३३.५१, कापूस.

‘‘वा,’’ पाहुणे सरसावून बसले. स्वतः कापूसवाले. २०१७मध्ये गुलाबी बोंडअळीने हा जिल्हा पार होरपळलेला, त्यामुळे त्यांच्या आवाजात थट्टा अजिबात नव्हती. ‘‘अळीवर काय उपाय दिलाय?’’

‘‘विरहावर आहे,’’ मी म्हणालो.

पण खाली आणखी एक ओळ होती: ‘वितरित’. प्रकाशनापासून या पुस्तकावर एकही तारीख पडलेली नव्हती, कारण भेट प्रत देणाराही मी आणि वाचणाराही मीच. काका म्हणाले, शेतीच्या घरचा एक पोरगा कापसाच्या रांगेतून घेऊन गेला, आणि मागून दोघांनी नंबर लावला.

बाकीचे वर्गांक मी आता एकेक करून दुरुस्त करतोय. ‘झाडाझडती’ परत आली, ‘शाळा’ सुटली, ‘नांगरणी’ही घरी आली. ‘पऱ्हाटी’ ८९१.४६मध्ये, मराठी साहित्यात न्यायची तर दोन मिनिटांचं काम. काका रोज आठवण करतात. मी म्हणतो, बघू, नंबर लावलेल्या दोघांचं होऊ द्या.