वाचलेल्या दहा रुपयांचा बार

“काडतूस घराकच भरलां तर पैसे वाचतले मां?”

बाजारात एका बागायतदारानं मला विचारलं. त्याच्या पिशवीत पागाला, म्हणजे फेकायच्या जाळ्याला, लावायचं शिसं होतं आणि त्या शिशावरूनच त्याला ही कल्पना सुचली होती. शिसं खाडीकाठच्या कुठल्याही गावात मिळतं, वितळवायला चूल आहे, उडवलेल्या बारा बोअरच्या रिकाम्या खोळी घरात पडून आहेत. मग दुकानदाराला पैसे कशाला द्यायचे?

माझं उत्तर: नाही वाचणार. आणि असलं काही करू नका. पण शेतकरी हा प्रश्न गंमत म्हणून विचारत नाही, म्हणून त्याला पूर्ण हिशेब द्यायला हवा.

बारा बोअरच्या काडतुसात पाच वस्तू असतात: खोळ, तिच्या बुडातली टोपी, दारू, बूच आणि छर्रे. एका साध्या काडतुसात छर्रे साधारण २८ ग्रॅम, म्हणजे किलोभर शिशात पस्तीस बार. इथवर सगळं स्वस्त दिसतं. पण बार काढल्यावर हातात उरते ती फक्त खोळ. टोपी आणि दारू बाजारातल्या शिशासारखी सुटी मिळत नाही. ती परवानाधारकाकडूनच घ्यावी लागते. प्रत्येक बारात दारू आणि छर्रे मोजून सारखे पडावेत, खोळीचं तोंड नीट बंद व्हावं, यासाठी वजनकाटा आणि दाबयंत्र लागतं. समजा, हे सगळं १५,००० रुपयांत जमलं आणि एका काडतुसामागं १० रुपये सुटले. यंत्राचे पैसे फिटायला १,५०० काडतुसं उडवावी लागतील. आपल्याकडचा शेतकरी भाताच्या आणि आंब्याच्या हंगामात मिळून वर्षाला वीस बार काढत असेल, तर यंत्र फिटायला पंचाहत्तर वर्षं. नातवाच्या नातवाला फायदा होईल.

अमेरिकेत लोक घरी काडतुसं भरतात, ते खरं आहे. तिथं हा छंद आहे, त्याची यंत्रं हौशी लोकांच्या घरांत दिसतात आणि काहींना तो परवडतोही. कारण ते उडत्या तबकड्यांवर नेम धरणारे लोक आहेत. ऑलिम्पिकच्या ट्रॅप स्पर्धेत एकट्या पात्रता फेरीतच १२५ तबकड्या असतात. मग सरावाला किती लागत असतील! २००४ साली अथेन्सला राज्यवर्धनसिंग राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक आणलं, त्या एका पदकामागं किती काडतुसं रिकामी झाली असतील याचा अंदाज करा. हजारांनी उडवणाऱ्याला दहा रुपयांची बचत कळते. वीस उडवणाऱ्याला फक्त यंत्राचा हप्ता कळतो. शिवाय वर्षाला किती काडतुसं घ्यायची आणि एका वेळी किती बाळगायची, तो आकडा तुमच्या परवान्यावर लिहिलेला असतो. जास्त उडवून यंत्र फेडीन म्हणायची सोयच नाही.

आता कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि भरलेलं काडतूस म्हणजे दारूगोळाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षं कैद आहे, कमाल जन्मठेप. तुमचा बंदुकीचा परवाना बंदूक बाळगण्याचा आणि वापरण्याचा आहे, काडतुसाचा कारखाना काढण्याचा नाही. दहा रुपये एका बाजूला, सात वर्षं दुसऱ्या बाजूला. हा तराजू कुणाला वाचता येत नाही?

पण खरी बोच पुढं आहे. त्याच कायद्याचं कलम १३ काढून वाचा. पीक राखण्यासाठी शेतकऱ्याला आधी देऊ केलेली बंदूक आहे ठासणीची. ठासणीची पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच काडतुसाची, गुळगुळीत नळीची बंदूक. म्हणजे काडतूस घरी भरलं तर तुरुंग, आणि त्याच शेतकऱ्याला कायदा सांगतो की तू दारू, चिंध्या आणि छर्रे दर बाराला स्वतःच्या हातानं नळीत ठास. सबंध देशात घरी बार भरण्याची सक्ती कुणावर असेल तर ती डुकरं हाकणाऱ्या माणसावर. १९५९ साली हा विचार कुणी कसा केला असेल ते असो, आज तो अन्याय आहे.

कारण ठासणीचा बार स्वस्त असतो हाही भ्रमच. माझ्या आजोळी ठासणीची बंदूक होती. ओटीवर खुंटीला टांगलेली, आणि आजोबा आम्हा पोरांना तिच्याखाली बसू देत नसत. त्यांचं सगळं दुखणं पावसाचं. आपल्याकडे चार महिने भिंतीला बुरशी येते, मिठाचं पाणी सुटतं, तिथं काळी दारू कोरडी राहावी कशी? ती हवेतला ओलावा धरते, गोळे होतात, टोपी फुटते आणि बार फुसका जातो. शेतात उभा असलेला डुक्कर काही दुसऱ्या बाराची वाट पाहत थांबत नाही. बार व्यवस्थित निघाला तरी काळ्या दारूची राख नळीत चिकटते, तीही ओल ओढते, आणि त्याच रात्री गरम पाण्यानं नळी धुतली नाही तर गंज धरतो. देवबाग-तारकर्लीसारख्या खाऱ्या वाऱ्याच्या गावात तर दोन हंगामांत नळी खडबडीत होते. बंदुकीची दुरुस्ती कुणी हिशेबात धरतं का? नळी धुण्यात दोन-दोन तास गेलेली झोप कुणी धरतं का?

आणि सगळ्यात महाग गोष्ट ही: ठासणीची बंदूक एकदा भरली की सहज रिकामी होत नाही. काडतुसाची बंदूक उघडली की काडतूस हातात येतं. ठासलेला बार मात्र बहुतेक वेळा उडवूनच बाहेर निघतो. शेतकरी रात्री राखणीला जातो, जनावर येत नाही, पहाटे तो भरलेली बंदूक घेऊन घरी येतो. दारू फुकट कशाला घालवायची म्हणून तशीच खुंटीला लावतो. त्या एका वाचवलेल्या बारानं पोरं गेली आहेत. दुसरी चूक अंधारातली: दारू घातली की नाही हे विसरून पुन्हा घातली. मग नळी फुटते, आणि ती भरणाऱ्याच्या तोंडाशी फुटते.

घरच्या छऱ्यांबद्दलही बोलतो, कारण मूळ प्रश्न शिशावरूनच निघाला होता. छर्रा गोल असावा लागतो. वेडावाकडा छर्रा सरळ जात नाही, नळीही खरवडतो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सनं १७८२ मध्ये यावर तोड काढली आणि पेटंट घेतलं: वितळलेलं शिसं उंचावरून चाळणीतून पाण्यात सोडायचं, पडता पडता थेंब गोल होतो. त्यासाठी पुढं मनोरे बांधले गेले. तुमच्या मांगराच्या चुलीवर ते होणार नाही. होईल ते एवढंच की शिशाचा धूर घरच्यांच्या छातीत जाईल, आणि जेवण शिजतं त्याच चुलीवर. युरोपीय संघानं १५ फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागी शिशाच्या छऱ्यांवर बंदी घातली, कारण पाखरं ते खडे समजून गिळतात आणि मरतात. आमची खाजणं, आमच्या मळ्या, आमच्या कोळंब्या त्याच पाण्यात आहेत.

आता मला तुम्हीच सांगा, बार काढायचा कशावर? माकडावर? आपल्याकडचं लाल तोंडाचं माकड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. नारळ, कोकम, केळी, हातातोंडाशी आलेला हापूस, सगळं ते विस्कटतं, आणि त्याला छर्रा लागला तर गुन्हा तुमच्यावर. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत. त्याला मारायचं तर आधी वन खात्याची लेखी परवानगी. म्हणजे आपल्या शेतकऱ्याचे बहुतेक बार आभाळात जातात. आवाजासाठी. आभाळात सोडायच्या आवाजाला गोल छर्रे आणि मोजलेली दारू हवी कशाला, आणि तो आवाज स्वस्त करण्यासाठी सात वर्षांची जोखीम घ्यायची कशाला?

आवाजाचंही ऐका. माकडं आठ दिवसांत शिकतात. पहिल्या बाराला माड सोडतात, दहाव्याला मान वळवून बघतात. मग कुणीतरी कार्बाइड भरलेल्या पाइपाची तोफ आणतो. तीही घरीच बनवलेली, तीही स्वस्त. २०२५ च्या दिवाळीत भोपाळमध्ये असल्याच तोफांनी अनेक मुलांचे डोळे जायबंदी केले. ती फुटली नाही म्हणून मुलं नळीत डोकावून बघत होती. आपल्या घरात ती आली असेल तर तिला बाहेर काढा.

दिवाळीचा विषय निघाला म्हणून एक तक्रार इथंच नोंदवतो. २०१९ ची विधानसभा निवडणूक २१ ऑक्टोबरला झाली, २०२४ ची २० नोव्हेंबरला. दोन्ही वेळा आचारसंहिता भात पिकण्याच्या आणि कापणीच्या दिवसांत आली. आचारसंहिता लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या. मुंबई उच्च न्यायालयानं २००९ मध्ये सांगितलं आहे की सरसकट सगळ्यांची हत्यारं घेऊ नका, छाननी करा. पीक राखणाऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीनं कुठलं मतदान केंद्र लुटलं जाणार आहे? लोंब्या वाकलेल्या असताना बंदूक ठाण्यात आणि डुक्कर मळ्यात, हे त्या दोन वर्षांचं चित्र. काडतुसाचे दहा रुपये वाचवायचा प्रश्न तेव्हा आपोआप मिटतो. वाचवायला पीकच राहत नाही.

म्हणून त्या बागायतदाराला मी दुसरीच वही उघडायला सांगितली. गेल्या वर्षी किती नारळ गेले? लिहिले नव्हते. किती गुंठे भात डुकरांनी लोळवलं? अंदाजानं सांगितलं. नुकसानभरपाईचा अर्ज केला? नाही, “कोण फेऱ्या मारतलो?” रानडुक्कर, रानगवा, हरीण, माकड, वन्यहत्ती यांनी केलेल्या पिकाच्या नुकसानीला राज्य सरकारची भरपाई आहे. मिळणारी रक्कम तुटपुंजी असते, उशिरा येते, आणि माडावरून पडलेल्या कोवळ्या नारळाचा पंचनामा करताना अडवणूक होते, हे सगळं मला ठाऊक आहे. पण अर्जच न आल्यानं कागदावर सिंधुदुर्गात माकडांचा त्रास कमीच दिसतो, आणि ओरोसला जिल्ह्याच्या मुख्यालयात बसलेला अधिकारी तो कागदच वाचतो. दोडामार्गच्या लोकांनी हत्तींच्या नुकसानीचे पंचनामे हट्टानं करून घेतले, तेव्हाच तिलारी खोऱ्याचं नाव मंत्रालयापर्यंत पोचलं.

काडतूस परवान्याच्या दुकानातूनच घ्या आणि पावती ठेवा. ठासणीऐवजी काडतुसाची बंदूक हवी असेल तर कलम १३ मधली ती तरतूद दाखवून अर्ज करा. पावसात दारू भिजते हे कारण खरं आहे आणि तेच लिहा. नुकसान झालं की तीन दिवसांच्या आत वनरक्षकाकडे तक्रार द्या, फोटोसकट, पोच घेऊन.

आणि हे वाचून झाल्यावर घरातल्या खुंटीकडे एकदा बघा. बंदूक ठासलेली असेल, तर पोरांना बाहेर काढा आणि जाणत्या माणसाकडून ती आजच रिकामी करून घ्या.